किशोरवयातली झोप आणि सकाळी सातची शाळा

रोहिणी_नक्षत्र

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासन निर्णय काढला आणि पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे सर्व माध्यमांच्या शाळांना कळवले. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. मुलांच्या झोपेचा विचार करून शाळेची वेळ ठरवली जावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तरीही निद्राशास्त्राने गेल्या चार-पाच दशकांत जे दाखवून दिले आहे ते पाहता, भल्या सकाळच्या शाळेचा सर्वांत जास्त जाच तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना होतो, आणि नेमकी हीच मुले या निर्णयाच्या बाहेर राहिली आहेत. याच विषयावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी मेंदूत काय घडते ते पाहू. झोप दोन यंत्रणांच्या मेळातून येते, अशी मांडणी झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली आणि ती आजही या शास्त्राचा पाया मानली जाते. पहिली यंत्रणा म्हणजे निद्रेचा दाब. आपण जितका वेळ जागे असतो तितका तो वाढत जातो, आणि झोपल्यावर ओसरतो. मेंदूतील पेशी ऊर्जा वापरतात तेव्हा ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, आणि हा दाब वाढवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. दुसरी यंत्रणा म्हणजे जैविक घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे फुली होते, त्याच्या अगदी वर, मेंदूच्या तळाजवळच्या हायपोथॅलॅमस या भागात सुमारे २० हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचे तापमान केव्हा उतरावे, रात्र झाल्याचा संकेत देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक केव्हा स्रवावे, सकाळी शरीराला जागे होण्यासाठी तयार करणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक केव्हा वाढावे, हे वेळापत्रक तो सांभाळतो. माणसात या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून त्याला रोज सूर्यप्रकाशाने जुळवून घ्यावे लागते. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात स्वतंत्र पेशी आहेत. त्यांचे काम चित्र पाहणे हे नाही. उजेड किती आहे एवढीच खबर त्या मेंदूला देतात, आणि निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात.

वयात येताना या दोन्ही यंत्रणा बदलतात. संध्याकाळनंतर मेलाटोनिन वाढू लागण्याची वेळ दोन तासांपर्यंत पुढे सरकते. त्याच वेळी जागेपणी निद्रेचा दाब साठण्याचा वेगही मंदावतो. त्यामुळे दहा वर्षांचा मुलगा नऊ वाजता पेंगू लागतो आणि त्याच घरातली पंधरा वर्षांची मुलगी अकरा वाजता टक्क जागी असते. तिला झोप येत नाही असे ती सांगते तेव्हा ती खरेच सांगत असते.

यातील बरेचसे ज्ञान आपल्याला अमेरिकेतील निद्रासंशोधक मेरी कार्सकॅडन यांच्या कामातून मिळाले आहे. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी सुट्टीत त्यांनी मुलांची निद्राशिबिरे घेतली. मुलांना रात्री दहा तास अंथरुणावर राहण्याची मुभा दिली होती, आणि वय वाढेल तशी झोप कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मोठी मुलेही लहानांइतकीच, म्हणजे सुमारे सव्वानऊ तास झोपली. एवढी झोप मिळूनही वयात येणारी मुले दिवसा अधिक पेंगुळलेली आढळली. म्हणजे झोपेची गरज जवळपास तेवढीच राहते, झोप येण्याची वेळ मात्र पुढे जाते, आणि उठण्याची वेळ शाळा ठरवते. मधल्या मधे जे कापले जाते ती मुलाची झोप असते.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली १३ ते १८ या वयासाठी ८ ते १० तास झोपेची शिफारस केली. सात वाजता भरणाऱ्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलाला आठ तास हवे असतील, तर त्याला साडेनऊला गाढ झोप लागली पाहिजे. आपल्यापैकी किती जणांच्या घरात नववी-दहावीचे मूल साडेनऊला झोपते?

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

माळावरचा

धागा चांगला आहे, परंतु मला काही गोष्टी पटत नाहीत. आमच्या पिढीतील बहुसंख्य मुले पहाटे पाचला उठून कंदिलाच्या उजेडात पाठांतर करत आणि नंतर चालत शाळेत जात. ‘लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे’ हे आमच्यावर बिंबवले गेले होते आणि त्याने आमचे नुकसान झाले नाही. आजची मुले रात्री बारापर्यंत मोबाईल पाहतात, हे त्यांच्या पेंगण्याचे खरे कारण आहे. शाळा नऊला केली तर मुले एक वाजता झोपतील. शिस्तीचा प्रश्न आपण मेंदूवर ढकलत आहोत, असे मला वाटते.

रोहिणी_नक्षत्र

काका, तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक घरांत घेतला जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मोबाईलचा परिणाम होतो, यात शंका नाही. झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणारे आणि छापील पुस्तक वाचणारे यांची तुलना करणारा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला; त्यात पडद्यावर वाचणाऱ्यांचे मेलाटोनिन दबले, झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि जैविक घड्याळ दीड तासाने मागे पडले. परंतु कार्सकॅडन यांनी वयात येणे आणि उशिरा झोप येणे यांचा संबंध दाखवणारा निबंध १९९३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा मुलांच्या हातात मोबाईल नव्हते. हाच बदल वयात येणाऱ्या उंदरांत आणि माकडांतही दिसला आहे. जैविक घड्याळाचे जर्मन अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या, तेव्हा माणूस सर्वांत उशिरा झोपणारा असतो तो विशीच्या आसपास, आणि तिथून पुढे तो हळूहळू पुन्हा लवकर झोपू लागतो, असे दिसून आले. मुलींमध्ये हे वळण मुलांपेक्षा सुमारे वर्षभर आधी येते. निव्वळ शिस्त सुटल्यामुळे हे होत असते, तर त्यात इतका नेमका वयोक्रम दिसला नसता.

तुमच्या काळाबद्दल मला मनापासून एक गोष्ट म्हणावीशी वाटते. कंदिलाचा उजेड जैविक घड्याळाला फारसा हलवत नाही. सूर्यास्तानंतर घर अंधारे, सकाळी शाळेपर्यंतची पायपीट लख्ख उन्हात, असे तुमचे बालपण होते. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही प्रौढांना आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय तंबूत ठेवले, तर त्यांचे मेलाटोनिन सुमारे दोन तास आधी स्रवू लागले. तुमच्या पिढीला हा लाभ आपोआप मिळत होता. आजचे मूल दिवसभर वर्गाच्या मंद उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली असते. तेव्हाच्या दिनचर्येतले फक्त पहाटेचे उठणे आपण मुलांकडून मागतो, उरलेली दिनचर्या त्यांना देत नाही.

आणखी एक मुद्दा घड्याळाच्या काट्यांचा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि मुंबई ७२.८ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. जुनी ‘मुंबई वेळ’ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, ती याच हिशेबाने, आणि शहरात ती १९५५पर्यंत टिकून होती. नागपूर त्या मानाने पूर्वेला असल्याने तिथे हा फरक साधारण चौदा मिनिटांचाच आहे. म्हणजे मुंबई-ठाण्यातील सातची शाळा सूर्याच्या हिशेबाने सहा वाजून एकवीस मिनिटांची आहे. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहिल्या तासाची घंटा सूर्य उगवण्याआधीच होते. आपल्याकडे ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी सुरू होतो असे मानतात, म्हणजे तो मोजायचा सूर्यावरून. त्या हिशेबाने जानेवारीत मुंबईचा ब्राह्ममुहूर्त साडेपाचनंतर सुरू होतो, आणि स्कूलबस लांबून येत असेल तर त्याआधीच मुलाला उठावे लागते.

हा फरक कागदावरचा नाही. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञांनी भारतातीलच आकडेवारी तपासून दाखवले आहे की, जिथे सूर्यास्त घड्याळानुसार तासभर उशिरा होतो तिथे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी असते. मुले सूर्य पाहून झोपतात आणि शाळेच्या घंटेने उठतात. त्यांच्या अभ्यासात याचा परिणाम शिक्षणाच्या एकूण वर्षांवरही दिसला, आणि तो गरीब घरांत अधिक होता. याचे कारण समजण्यासारखे आहे: एका खोलीत पाच माणसे झोपत असतील, वर पत्रा तापलेला असेल, तर मूल लवकर झोपवणे आईवडिलांच्या हातात राहत नाही.

चौथा_तास

मी गेली अनेक वर्षे माध्यमिक विभागात गणित शिकवतो आणि वेळापत्रक तयार करण्याचे कामही माझ्याकडे असते, म्हणून शाळेच्या बाजूने लिहितो.

पहिल्या तासाला नववी-दहावीच्या वर्गात जी शांतता असते, ती एकाग्रतेची नसते, हे कोणताही शिक्षक सांगेल. तोच वर्ग साडेदहानंतर प्रश्न विचारू लागतो. त्यामुळे शक्य तेव्हा मी गणित आणि विज्ञान मधल्या सुट्टीनंतर ठेवतो आणि पहिला तास शारीरिक शिक्षणाला देतो. निदान मुले मैदानावर, उजेडात असतात. प्रत्येक वर्गासाठी हे जमत नाही, कारण मैदान एकच असते.

खरी अडचण इमारतीची आहे. मुंबई-पुण्यातील अनेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात, सकाळी एक विभाग आणि दुपारी दुसरा. वर्गखोल्या तेवढ्याच असतात. चौथीपर्यंतच्या वर्गांना नऊच्या आधी बोलावता येत नसेल, तर सातची पाळी आपसूक मोठ्या मुलांकडे जाते. शासन निर्णयाचा हेतू चांगला आहे, परंतु अशा शाळांत त्याचा भार किशोरवयीन मुलांवर पडतो, आणि रोहिणीताईंनी लिहिलेले शास्त्र पाहता ही उलटी वाटणी झाली. लहान मुले स्वभावतःच लवकर झोपतात आणि लवकर उठतात. एखाद्या विभागाला सकाळची पाळी द्यावीच लागणार असेल, तर ती आठच्या सुमारास प्राथमिकला द्यावी आणि माध्यमिक दुपारी भरवावे, असे माझे मत आहे. दुपारच्या पाळीचे तोटे मला माहीत आहेत. घरी पोचायला संध्याकाळ होते, खेळायला वेळ उरत नाही, आणि मुलींना अंधारात परतावे लागते ही पालकांची काळजी रास्त आहे. पण यांपैकी काही अडचणींवर बसची वेळ, दिवे, सोबत असे उपाय तरी आहेत. मुलाला दोन तास आधी झोप येईल असे त्याच्या मेंदूतले घड्याळ फिरवण्याचा उपाय माझ्याकडे नाही.

पश्चिमवारा

मी सिॲटलला राहतो, म्हणून इथला अनुभव नोंदवतो. इथल्या सार्वजनिक शाळांनी २०१६ साली सरांनी सुचवले आहे तशीच अदलाबदल केली. माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली आणि बसगाड्यांचा मेळ बसावा म्हणून बऱ्याच प्राथमिक शाळा लवकर भरवल्या. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन शाळांतील मुलांच्या मनगटांवर हालचाल आणि उजेड नोंदवणारी यंत्रे बांधून बदलाआधीची आणि नंतरची झोप मोजली. ते निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मुलांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. ६ तास ५० मिनिटांवरून ती ७ तास २४ मिनिटांवर आली.

माळावरच्या काकांच्या शंकेचे उत्तर यात आहे. शाळा पाऊण तासाहून अधिक उशिरा भरू लागली, तरी मुले तेवढ्या प्रमाणात उशिरा झोपायला लागली नाहीत. मिळालेल्या वेळेचा मोठा भाग त्यांनी झोपण्यातच घालवला. ज्या शाळेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुले जास्त होती, तिथे उशिरा येणे आणि गैरहजेरी कमी झाली. पुढे कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. तो २०२२पासून लागू आहे आणि त्यानुसार बहुतेक हायस्कुले साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत.

मात्र ७ तास २४ मिनिटे हीदेखील पुरेशी झोप नव्हे, हे नमूद करायला हवे.

माळावरचा

सिॲटलचे आकडे विचार करायला लावणारे आहेत. मुले मिळालेला वेळ झोपेला देतात, ही माहिती मला नवी आहे. पण आपल्याकडे शाळेनंतर क्लास असतो आणि काही ठिकाणी शाळेआधीही असतो. अकरावी-बारावीच्या मुलांचे क्लास सकाळी सहाला सुरू होतात. शाळेची वेळ बदलून पहाटेचा वेळ मोकळा झाला, तर तो क्लासवाले घेतील. याचा बंदोबस्त केल्याशिवाय मुलांच्या हाती काही लागणार नाही.

रोहिणी_नक्षत्र

काका, हे पूर्णपणे मान्य. शाळेपुरताच विचार करून चालणार नाही, आणि क्लासच्या वेळेवर पालकांनीच अडून बसायला हवे. सहाच्या क्लासला मूल देहाने हजर असते, एवढेच म्हणता येते. कार्सकॅडन यांच्याच एका अभ्यासाचा उल्लेख इथे करते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत नववीतून दहावीत गेल्यावर ज्यांची शाळा ८:२५ ऐवजी ७:२० वाजता भरू लागली, अशा मुलांना दिवसा ठरावीक वेळी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितले. सकाळी साडेआठच्या चाचणीत ती काही मिनिटांतच झोपली, आणि जवळजवळ निम्मी मुले निदान एकदा थेट रेम झोपेत शिरली. रेम म्हणजे पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात ती अवस्था. एरवी ती झोप लागल्यावर साधारण दीड तासाने येते. झोपेत शिरताच रेम सुरू होणे हे दिवसा अनावर झोप येण्याच्या नार्कोलेप्सी या विकाराचे एक लक्षण मानले जाते. त्या मुलांना तो विकार नव्हता. त्यांच्या मेंदूच्या हिशेबाने तेव्हा रात्र संपलेलीच नव्हती.

ओवी

माझी मुलगी दहावीला आहे. ती रात्री एकपर्यंत जागून अभ्यास करते, अकरा वाजता चहा मागते आणि रविवारी अकरा वाजेपर्यंत झोपते. सध्या शाळेची वेळ बदलणे माझ्या हातात नाही. घरात काय करता येईल, हे कृपया कुणी सांगावे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागल्याने फायदा होतो का, हेही तिला पटेल अशा शब्दांत हवे आहे.

रोहिणी_नक्षत्र

ओवीताई, परीक्षेचे आधी सांगते. दिवसभरात वाचलेले आधी मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते नोंदले जाते आणि झोपेत ते पक्के होऊ लागते. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ साली दाखवले की, जागेपणी उंदीर ज्या ठिकाणी फिरला होता तिथे एकत्र चेतलेल्या पेशी नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र चेततात. एका अर्थी ती मेंदूची उजळणी आहे. त्याहून कितीतरी आधी, १९२४ साली, जेंकिन्स आणि डॅलनबाक यांनी अर्थहीन अक्षरसमूह पाठ करायला देऊन पाहिले होते. जागे राहिल्यानंतर जितके विस्मरण झाले त्याहून झोपून उठल्यानंतर कमी झाले. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते आणि रेम झोप पहाटेकडे वाढत जाते. त्यामुळे एकला झोपून साडेपाचला उठणाऱ्या मुलीची पहाटेची रेम झोप सर्वांत जास्त कापली जाते. जागून वाचलेला शेवटचा धडा तिच्या डोळ्यांखालून गेलेला असतो, पण तो बसायला हवी असलेली वेळ तिने त्यालाच देऊन टाकलेली असते.

चहाबद्दल: कॅफीन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते, म्हणून दाब असूनही तो जाणवत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरात साधारण पाच तासांनंतरही शिल्लक असते. अकराचा चहा पहाटे चारलाही काम करत असतो. शेवटचा चहा दुपारी चारपर्यंत घ्यावा, आणि रात्री भूक लागत असेल तर दूध-पोळी किंवा तत्सम काही खाऊ द्यावे.

रविवारी अकरापर्यंत झोपू देण्यावरून घरोघरी भांडणे होतात. आठवड्याची उधारी फेडण्यासाठी तिला जास्त झोप लागणारच, तेव्हा तिला साडेपाचला उठवू नये. पण अकराला उठले की सकाळचे ऊन हुकते, घड्याळ आणखी मागे पडते आणि रविवारी रात्री झोप येत नाही. रोनेबर्ग यांच्या गटाने या आठवडी ओढाताणीला सामाजिक जेटलॅग असे नाव दिले आहे. शनिवारी रात्री लवकर झोपणे आणि रविवारी साडेसात-आठला उठून लगेच गच्चीवर किंवा अंगणात अर्धा तास घालवणे, हा मधला मार्ग बरा.

चौथा_तास

ओवीताई, एक भर घालतो. सकाळची शाळा असल्यास मुलगी एक-दीडला घरी येत असेल. जेवणानंतर तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटे झोपू द्या आणि गजर लावून उठवा. तासाहून जास्त झोपली तर ती गाढ झोपेतून उठते, पुढे बराच वेळ जड वाटते आणि रात्री झोप उशिरा लागते. माझ्या वर्गातील ज्या मुलांनी हे नियमाने केले, त्यांचा संध्याकाळचा अभ्यास साडेदहापर्यंत आटोपतो, असे त्यांचे पालक सांगतात. शाळेच्या वेळेबद्दल मात्र पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत लेखी मागणी द्या. शिक्षकांनी हा विषय काढला तर तो कामाचे तास टाळण्याचा प्रकार समजला जातो. पालकांनी काढला तर तो इतिवृत्तात नोंदवावा लागतो.

ओवी

मनापासून आभार. दुपारच्या झोपेचे आजपासूनच सुरू करते. मागणीपत्राचा मसुदा रोहिणीताईंनी इथे लिहिला, तर आमच्या शाळेतील इतर पालकांनाही तो देता येईल.

रोहिणी_नक्षत्र

दोन-तीन दिवसांत लिहिते. त्यात मागण्या तीनच ठेवू: आठवीपासूनच्या वर्गांची पहिली घंटा साडेआठच्या आधी नको, दोन अधिवेशनांची शाळा असेल तर माध्यमिक विभाग दुपारी भरवण्याचा विचार व्हावा, आणि हे दोन्ही होईपर्यंत डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत घटक चाचण्या पहिल्या दोन तासांत घेऊ नयेत. तिसरी मागणी मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात लगेच मान्य करू शकतात, म्हणून तीच पत्रात सर्वांत वर घालणार आहे.